अँटिव्हायरस काढला, तरी तो जात का नाही? मागे उरलेले तुकडे शोधून काढण्याचा क्रम

"अरे, तो काढलेला अँटिव्हायरस परत आलाय बघ."

मामांचा हा फोन दिवाळीपासून मला तीनदा आला. लॅपटॉप तोच, अँटिव्हायरस तोच, तक्रार मात्र दर वेळी निराळी. पहिल्यांदा कोपऱ्यात 'मुदत संपली, आजच रिन्यू करा' अशी पाटी येत होती. दुसऱ्यांदा विंडोज सिक्युरिटीवर लाल फुली होती आणि विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, काही केल्या चालू होईना. तिसऱ्यांदा कीबोर्डच मेला. तो मी मारला होता. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण ही चूक करायला फार अक्कल लागत नाही आणि निस्तरायला अख्खी दुपार जाते.

मूळ गोष्ट साधी. नव्या लॅपटॉपबरोबर एका कंपनीचा अँटिव्हायरस फुकट चाचणीसाठी आला होता. मुदत संपली, मामांना पैसे भरायचे नव्हते, मी सेटिंग्जमध्ये जाऊन अनइन्स्टॉल दाबलं आणि फराळाला बसलो. चूक तिथेच झाली.

एखादा फोटो बघायचा प्रोग्राम काढणं आणि अँटिव्हायरस काढणं यात फरक आहे. फोटोवाला आपल्या फोल्डरात राहतो. अँटिव्हायरस विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर, म्हणजे अगदी खालच्या थरात चालणारा छोटा प्रोग्राम, बसवतो. तुम्ही उघडलेली प्रत्येक फाइल आणि नेटवरून आलेलं माहितीचं प्रत्येक पाकीट त्याच्या हातून जातं. हे सॉफ्टवेअर किती खोल असतं ते १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, आणि अनेक ठिकाणी माणसांना सेफ मोडमध्ये (अत्यावश्यक तेवढ्याच गोष्टींवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली. शिवाय व्हायरसने आपल्याला उडवू नये म्हणून अँटिव्हायरस स्वतःचं संरक्षणही करतो. आपण उडवायला गेलो तर तो आपल्यालाही चोरच समजतो.

म्हणून त्याचं काढणं लग्नाचा मांडव उतरवण्यासारखं आहे. कोणती दोरी आधी सोडायची हे मांडववाल्याला ठाऊक असतं. पाहुण्याने मधलाच वासा ओढला तर छत डोक्यावर येतं.

आधी खात्री करा: तुकडा खरंच उरलाय का?

मामांची पहिली तक्रार अँटिव्हायरसची नव्हतीच. पंचांगाच्या कुठल्याशा साइटवर 'अलाव' दाबलं गेलं होतं, आणि तिथून क्रोमच्या नोटिफिकेशनमधून त्या अँटिव्हायरसचा लोगो लावलेल्या खोट्या पाट्या येत होत्या. नीट पाहिलं तर अशा पाटीवर बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव आणि साइटचा पत्ता असतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स' उघडा आणि अनोळखी साइटी काढून टाका. एजमध्येही अशीच यादी असते. त्या पाटीवर क्लिक करून पैसे भरू नका, एवढं घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवा.

दुसरी खात्री रीस्टार्टची. 'मी रोज बंद करतो की' असं मामा म्हणाले. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि त्यात 'सीपीयू' उघडून 'अप टाइम' बघितला तर ११ दिवस! विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उघडते. अनइन्स्टॉल करताना वापरात असलेल्या फाइली 'पुढच्या सुरुवातीला काढू' म्हणून राखून ठेवलेल्या असतात, आणि शट डाउनने ती खरी सुरुवात कधी होतच नाही. रीस्टार्टने होते. तेव्हा अनइन्स्टॉल झाल्यावर शट डाउन नको, रीस्टार्ट करा, आणि पडदा आला की दोन-चार मिनिटं त्याला त्याचं काम करू द्या. अर्ध्याअधिक केसेस इथेच संपतात.

मग कंपनीचंच काढायचं साधन

जवळजवळ प्रत्येक मोठी कंपनी आपला माल पूर्ण काढण्यासाठी वेगळं छोटं साधन देते. मॅकॅफीचं एमसीपीआर, नॉर्टनचं 'रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल', अव्हास्टचं 'अव्हास्ट क्लिअर', कॅस्परस्कीचं 'केएव्ही रिमूव्हर', इसेटचाही वेगळा अनइन्स्टॉलर आहे. ही कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. सर्चमध्ये सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीत 'सगळे अँटिव्हायरस काढणारं एकच जादूचं साधन' असतं, त्याच्या नादी लागू नका. यातली काही साधनं चित्रातली वेडीवाकडी अक्षरं टाइप करायला लावतात. वैतागू नका, एखाद्या व्हायरसने तेच साधन चालवून संरक्षण उडवू नये म्हणून ती सोय आहे.

पुष्कळदा मागे राहिलेलं मुद्दाम ठेवलेलं असतं. पुण्याच्या क्विक हीलचा अनइन्स्टॉलर दोन पर्याय विचारतो: अपडेटच्या फाइली ठेवून काढू, की पूर्ण काढू? पहिला निवडला तर नंतर 'तुकडे राहिले' म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. तोच अँटिव्हायरस पुन्हा टाकायचा असेल तर काढण्याआधी लायसन्सचा क्रमांक लिहून घ्या. खोक्यावरचं स्टिकर फाटलेलं असतं, हा माझा अनुभव.

इसेट आणि अव्हास्टची साधनं सेफ मोडमध्ये चालवायची असतात. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, मग 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज', रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबा. मात्र तिकडे जाण्याआधी दोन गोष्टी हाताशी हव्यात. एक, खात्याचा खरा पासवर्ड. सेफ मोडमध्ये पिन चालेलच याचा भरवसा नसतो. "पासवर्ड? मी तर चार आकडेच टाकतो," असं मामा म्हणाले, आणि आमचा अर्धा तास पासवर्ड बदलण्यात गेला. दुसरी, बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधी फोनवर उघडून बघा, नंतर नाही.

आणि साधा अनइन्स्टॉल सेफ मोडमध्ये करायला जाऊ नका. विंडोज इन्स्टॉलरची सेवा तिथे चालू नसते, त्यामुळे काम अर्धवट अडकतं. आधी नेहमीच्या मोडमध्ये अनइन्स्टॉल, मग साधन, हा क्रम.

काढायचं साधनही 'काही सापडलं नाही' म्हणालं आणि तुकडे मात्र दिसतायत, अशी वेळ आली तर एक उलटा वाटणारा उपाय करून बघा. तोच अँटिव्हायरस पुन्हा पूर्ण इन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा, आणि मग नीट काढा. अर्धवट तुटलेल्या अनइन्स्टॉलरला स्वतःच्याच वस्तू सापडत नसतात, नव्या इन्स्टॉलने त्याची यादी पुन्हा जुळते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, तासभर खोदण्यापेक्षा हे बरं.

डिफेंडर चालू होत नसेल

एका म्यानात दोन तलवारी नकोत म्हणून बाहेरचा अँटिव्हायरस आला की डिफेंडर बाजूला होतो. कोण पहाऱ्यावर आहे याची नोंद विंडोजच्या सिक्युरिटी सेंटरकडे असते. अँटिव्हायरस गेला, पण नोंद राहिली, तर विंडोजच्या लेखी पहारेकरी अजून हजर आहे. मामांची दुसरी तक्रार हीच होती. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, डावीकडे खाली सेटिंग्ज, आणि तिथे 'मॅनेज प्रोव्हायडर्स'. जुन्या अँटिव्हायरसचं नाव तिथे दिसलं तर निदान पक्कं. आमच्याकडे कंपनीचं साधन दुसऱ्यांदा चालवल्यावर नाव गेलं आणि डिफेंडर रीस्टार्टनंतर आपणहून उठला. नाही उठला तर विंडोज अपडेट एकदा पूर्ण करून घ्या.

'ही सेटिंग तुमची संस्था सांभाळते' अशा अर्थाचा मजकूर घरच्या लॅपटॉपवर दिसत असेल तर पॉलिसीचा, म्हणजे सक्तीने लावलेल्या सेटिंगचा, तुकडा उरलाय. रजिस्ट्री एडिटरमध्ये 'एचकी लोकल मशीन', 'सॉफ्टवेअर', 'पॉलिसीज', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज डिफेंडर' इथे 'डिसेबल अँटिस्पायवेअर' ही नोंद १ असेल तर ती काढा. घरच्या नव्या विंडोजमध्ये डिफेंडर २०२० पासून या नोंदीला जुमानत नाही, पण तिच्या शेजारी 'रिअल टाइम प्रोटेक्शन' नावाच्या पोटफोल्डरात तशाच आणखी नोंदी असू शकतात, त्याही बघा. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर मात्र हात लावू नका, तिथे ती पाटी खरी असते.

डब्ल्यूएमआय रिपॉझिटरी (विंडोजचा स्वतःविषयीच्या माहितीचा साठा) पुसून नवी बांधा असा सल्लाही तुम्हाला मिळेल. शेवटचा उपाय म्हणून ठीक, पहिला म्हणून नको. त्या रिपॉझिटरीवर इतर प्रोग्रामही अवलंबून असतात.

नेट गेलं असेल

वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण एकही पान उघडत नाही. अँटिव्हायरसच्या फायरवॉलने नेटवर्क कार्डाला आपला फिल्टर चिकटवलेला असतो. मालक गेला, फिल्टर राहिला, आणि पाकिटं तिथेच अडतात. कंट्रोल पॅनेलच्या 'नेटवर्क कनेक्शन्स'मध्ये वाय-फायवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. यादीत अँटिव्हायरसच्या नावाची ओळ दिसली तर तिची टिक नुसती काढू नका, ओळ निवडून खालचं 'अनइन्स्टॉल' बटण दाबा. तरीही जमलं नाही तर सेटिंग्जमधलं 'नेटवर्क रीसेट'. त्याने सगळे वाय-फाय पासवर्ड आणि व्हीपीएन जातात, तेव्हा राउटरच्या खालचं स्टिकर आधी वाचून ठेवा.

ड्रायव्हर, आणि मी मारलेला कीबोर्ड

आता ती दुपार.

पाट्या गेल्या होत्या, डिफेंडर चालू होता. मला मात्र स्वस्थ बसवेना. 'सिस्टम ३२' मधल्या 'ड्रायव्हर्स' फोल्डरात त्या कंपनीच्या सहीच्या दोन फाइली अजून दिसत होत्या. नेहमीच्या मोडमध्ये त्या निघेनात. मी सेफ मोडमध्ये गेलो आणि दोन्ही उडवल्या. रीस्टार्ट. लॉगिनचा पडदा आला आणि एकही कळ चालेना. यूएसबीचा दुसरा कीबोर्ड लावला, तोही मुका. मामा शांतपणे म्हणाले, "सकाळपर्यंत तर चांगला चालत होता."

झालं असं होतं. त्या अँटिव्हायरसमध्ये बँकेचा पासवर्ड कुणी चोरून वाचू नये म्हणून कीबोर्डचं संरक्षण होतं. त्यासाठी त्याने आपला ड्रायव्हर कीबोर्डाच्या रांगेत घुसवला होता. विंडोज प्रत्येक जातीच्या उपकरणासाठी रजिस्ट्रीत 'अपर फिल्टर्स' आणि 'लोअर फिल्टर्स' नावाच्या याद्या ठेवतं. त्यात जे नाव असेल तो ड्रायव्हर लोड झाल्याशिवाय उपकरण सुरूच होत नाही. मी फाइल उडवली, यादीतलं नाव तसंच राहिलं. विंडोज त्या ड्रायव्हरची वाट बघतं, तो सापडत नाही, कीबोर्ड बंद. यादी संपूर्ण जातीची असल्यामुळे दुसरा कीबोर्ड लावूनही उपयोग नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ३९. कधी कधी कोड १९ही दिसतो. डीव्हीडी ड्राइव्ह गायब होण्यामागेही अनेकदा हेच असतं. आणि हीच चूक डिस्कच्या यादीत झाली तर विंडोज उठतच नाही.

दुरुस्ती माउसने केली. लॉगिनच्या पडद्यावर उजवीकडे खाली ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं, तिथून पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो. त्यावर एकेक अक्षर टिचकावत आत गेलो आणि रजिस्ट्री एडिटर उघडला. 'एचकी लोकल मशीन', 'सिस्टम', 'करंट कंट्रोल सेट', 'कंट्रोल', 'क्लास'. इथे कंसातल्या लांबलचक क्रमांकांचे फोल्डर असतात. कीबोर्डचा ४डी३६ई९६बी ने सुरू होतो, आणि उजवीकडे 'क्लास' या नोंदीपुढे 'कीबोर्ड' असं लिहिलेलं असतं, ते बघून खात्री करा. त्यातली 'अपर फिल्टर्स' ही नोंद उघडली तर दोन ओळी होत्या: अँटिव्हायरसच्या ड्रायव्हरचं नाव आणि 'केबीडीक्लास'. पहिली ओळ काढली. 'केबीडीक्लास' विंडोजची स्वतःची आहे, तिला हात लावायचा नाही, आणि अख्खी नोंदही डिलीट करायची नाही. रीस्टार्ट केल्यावर कीबोर्ड जिवंत.

तेव्हा ड्रायव्हर हाताने काढायचाच असेल तर क्रम असा: आधी याद्यांमधलं त्याचं नाव, मग त्याची सेवेची नोंद, आणि फाइल सगळ्यात शेवटी. मी उलटा गेलो होतो. सुरू करण्याआधी रीस्टोअर पॉइंट करा आणि रजिस्ट्रीच्या ज्या फोल्डराला हात लावणार तो एक्सपोर्ट करून ठेवा.

कोणते ड्रायव्हर अजून चालू आहेत हे बघायला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एफ, एल, टी, एम, सी ही इंग्रजी अक्षरं सलग टाइप करा. फाइलींवर पहारा देणाऱ्या फिल्टरांची यादी येईल, प्रत्येकापुढे 'अल्टिट्यूड' म्हणजे रांगेतला क्रमांक. अँटिव्हायरसांसाठी साधारण ३२०००० ते ३२९९९९ हा पट्टा राखीव आहे. त्यात डिफेंडरचा 'डब्ल्यूडीफिल्टर' ३२८०१० वर दिसेल, तो असायलाच हवा. त्याच पट्ट्यात आणखी कुणी दिसला तर तो जुना पाहुणा असण्याची शक्यता मोठी. 'ड्रायव्हर्स' फोल्डरात त्या नावाची फाइल शोधून प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' बघा, सही कुणाची ते कळेल.

याहून सोपं हवं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं 'ऑटोरन्स' वापरा. फुकट आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' निवडा, आणि सेवा, ड्रायव्हर, शेड्यूल्ड टास्क सगळं एका जागी दिसेल. पिवळ्या ओळी म्हणजे नोंद आहे पण फाइल नाही, अवशेष बहुतेक इथेच सापडतात. ओळ थेट डिलीट करू नका. आधी नुसती टिक काढा, रीस्टार्ट करा, दोन दिवस वापरा, मग डिलीट. ड्रायव्हरची टिक काढण्याआधी मात्र वरच्या फिल्टर याद्या बघितलेल्या असू द्या. ड्रायव्हर नुसता बंद केला तरी कीबोर्डाचं व्हायचं ते होतंच.

बाकी किरकोळ

'प्रोग्राम फाइल्स', 'प्रोग्राम डेटा' आणि 'ॲपडेटा'मधले फोल्डर निरुपद्रवी असतात. 'ॲक्सेस डिनाइड' येत असेल तर मालकी हिसकावण्याच्या भानगडीत पडू नका, त्याचा अर्थ ड्रायव्हर अजून जागा आहे. तो गेला की फोल्डर मुकाट्याने डिलीट होतो. ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन हाताने काढा आणि सर्च इंजिन बदललेलं नाही ना ते बघा.

रूट सर्टिफिकेट, म्हणजे ज्याच्या भरवशावर ब्राउझर साइट खरी मानतो ते, मात्र किरकोळ म्हणू नये. एचटीटीपीएसच्या पानांची तपासणी करता यावी म्हणून काही अँटिव्हायरस विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट बसवतात. काढल्यावर ते उरलं तर त्या नावाने सही केलेल्या कोणत्याही साइटवर तुमचा ब्राउझर विश्वास ठेवत राहील. रनमध्ये 'सर्टएलएम डॉट एमएससी' टाइप करून 'ट्रस्टेड रूट' उघडा आणि अँटिव्हायरसच्या नावाचं असेल तेवढंच काढा. जीएसटी किंवा आयकराच्या कामासाठी डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर तिथे 'सीसीए इंडिया' आणि पुढे वर्ष अशा नावांची सर्टिफिकेटं दिसतील. ती सरकारी आहेत, ती काढलीत तर सही चालायची नाही आणि सीएचा फोन येईल. फायरफॉक्सची यादी वेगळी असते, ती त्याच्याच सेटिंग्जमध्ये बघा.

रजिस्ट्री क्लीनर वापरू नका. मायक्रोसॉफ्टही त्यांना पाठिंबा देत नाही. शंभर मृत नोंदींनी लॅपटॉप मंदावत नाही, पण एक जिवंत नोंद चुकून गेली की माझ्यासारखी दुपार वाट्याला येते.

काढूनही पुन्हा येत असेल तर

सगळं साफ केल्यावर महिन्याभराने तेच चिन्ह स्टार्ट मेनूत दिसलं तर तो अवशेष नसतो, कुणीतरी नव्याने आणलेला असतो. दोन संशयित. एक, लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं 'मदतनीस' ॲप, जे ड्रायव्हर अपडेटबरोबर शिफारशीचे प्रोग्रामही सुचवतं. त्याच्या सेटिंग्जमध्ये शिफारशी बंद करा. दुसरा, इतर फुकट प्रोग्राम टाकताना आधीच टिक केलेला चौकोन. अँटिव्हायरसचं एखादं छोटं ॲप मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनही आलेलं असतं आणि मुख्य प्रोग्रामबरोबर जात नाही. सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीत कंपनीचं नाव टाकून शोधलं की ते सापडतं, तिथूनच काढा.

इतकं करूनही डिफेंडर उठत नसेल किंवा निळा पडदा येत असेल, तर 'रीसेट धिस पीसी' मधला 'कीप माय फाइल्स' पर्याय उरतो. त्यात डॉक्युमेंट्स, फोटो राहतात, पण बाहेरून टाकलेले सगळे प्रोग्राम जातात. मामांच्या औषध दुकानाच्या बिलिंगचा डेटा सी ड्राइव्हवर थेट एका फोल्डरात होता, डॉक्युमेंट्समध्ये नव्हे. तुमच्याकडे टॅली किंवा असं काही असेल तर त्याचा बॅकअप आधी पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडतो की नाही हे बघूनच रीसेटचं बटण दाबा.